कौसाबाईचं गांडूळ

कौसाबाईने दिराला मारून खदानीत पुरलं, अशी बातमी बेलवलीत आहे. किराणावाल्याकडे तर पुरण्याचा तपशीलही मिळतो: डोकं पूर्वेला, वर दोन पाट्या शेण. हा पुरलेला दीर, म्हणजे जनू, रोज सकाळी माझ्या ओट्यावर बसून चहा पितो. बिस्कीट मात्र बुडवून खातो, कारण पुढचे दोन दात नाहीत. ते कौसाबाईने पाडले. बातमी तेवढीच खरी.

कौसाबाई माझी भिंतीला भिंत शेजारीण. पंचावन्नची विधवा, अंगाने काडी, आवाजाने भोंगा. हातात असेल ते फेकून मारते. माझ्या दारावर तिच्या उलथन्याचा खड्डा अजून आहे, आणि मी फक्त विचारलं होतं, की आज आमटी करपली का.

तिची आठ गुंठे भातजमीन बंद पडलेल्या दगडखदानीला लागून आहे. खदानीचा चुरा घसरत घसरत जमिनीवर आला, तोवर ती गप्प होती. मग कुणीतरी टेंपोतून पिंपं आणून, कुठल्याशा मुलामा चढवणाऱ्या कारखान्याचा हिरवा गाळ त्या चुऱ्यावर ओतायला लागलं. पहिल्या वर्षी भात पिवळा पडून मेला. दुसऱ्या वर्षी आघाडासुद्धा उगवला नाही. तिची कोंबडी तिथल्या डबक्यातलं पाणी प्यायली आणि मान वाकडी करून गोल गोल फिरत मेली. नेमका तेव्हाच पुढचा टेंपो आला. कौसाबाईने मेलेली कोंबडी तंगड्यांना धरून ड्रायव्हरच्या थोबाडावर हाणली, मग दगडाने काच फोडली, मग आरसा. त्याने तिला ढकललं तशी ती पिंपावर आदळली. मनगट कडकन मोडलं. तरी दुसऱ्या हाताने तिने त्याचा कान धरला, तो रक्त येईपर्यंत सोडला नाही. पुढे महिनाभर ती प्लास्टर घालून, मांडीवर दगडांचा ढीग घेऊन बांधावर बसायची. टेंपो पुन्हा फिरकला नाही.

गाळ मात्र तिथेच. आमच्या गल्लीतल्या कुमुदिनी मॅडम कॉलेजात रसायन शिकवतात. त्यांनी माती तपासून आणली.

"कौसाबाई, यात धातू आहेत. ते कुजत नाहीत, मरत नाहीत. पण चुना, शेणखत आणि कोळशाची भुकटी भरपूर घातली, तर बरेचसे मातीला बांधून राहतील. मग मातीतले जीव परत येतील."

"म्हंजी राक्षसाला खाटेला बांधाचा."

"तसंच. त्यावर गवत लावा. भात इतक्यात नाही. आणि कापलेलं गवत गुरांना घालू नका, जाळू तर मुळीच नका. पानात चढलेला धातू राखेतून पुन्हा जमिनीवर येईल."

तीन वर्षं बाईने दुसरं काही केलं नाही. तबेल्यातलं शेण, उल्हासनगरच्या भाजीबाजारातला सडका पाला, गिरणीतल्या तुसाचा कोळसा. सगळं कुजवून, त्या मुडद्यासारख्या चुऱ्यात कुदळीने कालवायची, आणि प्रत्येक घावाला मुलामेवाल्याची एकेक पिढी उद्धरायची. वास असा, की माझ्याकडे पाहुणे यायचे बंद झाले; त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे. कापलेलं गवत ती गोण्यांत भरून बांधावर रचायची.

तिसऱ्या दिवाळीनंतर तिने मला दंडाला धरून शेतावर ओढत नेलं. ढेकूळ फोडलं. आत दोऱ्याएवढं गांडूळ वळवळत होतं. तिने गल्लीभर साखर वाटली. "बारशाला नाव काय ठेवलंस?" मी विचारलं, तर कुदळ उगारली. माघापर्यंत ओंजळभर मातीत तीन-चार सापडायला लागली.

आता जनू. जनू मनाचा चांगला, तोच घोटाळा झाला. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पाला, गवत रचून जाळतात. त्याला राब म्हणतात. राब न भाजणारा तो आळशी, ही आजोबांपासूनची शिकवण. वहिनी एकटी, जमीन पडीक, आपण हात द्यावा, असं जनूच्या मनात आलं. चैत्रात ती भाचीच्या साखरपुड्याला अंबरनाथला गेली. याने त्याच गोण्या फोडल्या, गवत बरोबर मधोमध पसरलं, तिचंच शेण वर रचलं आणि काडी लावली.

ती परतली तेव्हा धूर गल्लीपर्यंत आला होता. साखरपुड्याच्या लुगड्यानिशी ती धावली, मागे मी.

"वयनी, राब भाजला बघ!" जनू हसला. त्या हसण्यातच फावड्याचा दांडा बसला. दोन दात राखेत पडले. दुसरा तडाखा बरगडीवर. जनूही चवताळला, त्याने कुदळीची बोथट बाजू घुमवली आणि तिचं कपाळ उभं फुटलं. डोळ्यांत रक्त, पायाखाली निखारे, आणि ही बाई त्याला गळ्याला धरून जमिनीवर आपटते आहे. मी मधे पडलो. मलाही एक मिळाली, कुणाची ते दोघंही सांगत नाहीत.

मग तिने त्याला सोडलं आणि ओल्या शेणखताच्या पाट्या आगीवर ओतत सुटली, अनवाणी. विझल्यावर खणलं. वीतभर खोलीपर्यंत गांडुळं भाजलेल्या शेवयांसारखी. बांधाकडच्या कोपऱ्यात आग पोचली नव्हती. तिथे खणलं तर पाच जिवंत. तिने त्यांच्यावर ओलं गोणपाट घातलं आणि फोडांनी भरलेल्या पायांवर उकिडवी बसून सगळी राख खरवडून पिंपात भरली.

चौकीत हवालदाराने कौसाबाईला विचारलं, "हत्यार?"

"फावड्याचा दांडा."

"कारण?"

"गांडूळ."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. जनू तोंडावरचा रक्ताळलेला रुमाल बाजूला करून बोबड्या आवाजात रडला, "वयनी, किड्यापाई सख्ख्या दिराचे दात पाडलेस?"

कौसाबाई म्हणाली, "दात डाक्टर बसवतो. गांडूळ बसवणारा डाक्टर आण, मी तुझ्या पाया पडते."