पोटातले कावळे

तिचं नाव मी विचारलं नाही. मराठी की कोंकणी, यावरून गोवा पेटला होता. पेडण्याहून डिचोलीला निघालेली आमची बस वाटेत अडवली गेली आणि काही तरुण आत चढले. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. इंग्रजी शाळेत शिकलेली मी, दोन्ही भाषा अडखळत बोलायचे.

शेजारी बसलेली ती मुलीच्या बाळंतपणाला निघाली होती. येणाऱ्या नातवंडासाठी जुन्या लुगड्यांची गोधडी मांडीवर घेऊन शिवत होती. गोधडीवर ठिगळांची चित्रं होती. एका बाईच्या नाकाच्या शेंड्यावर लालभडक राग बसला होता, एका पोराच्या पोटात काळे कावळे चोची वासून होते.

त्या तरुणांपैकी एकाने गोधडीवर काठी टेकवली. "मराठी काय कोंकणी? सांग, नायतर उतर."

तिची सुई त्या कावळेवाल्या पोरावर थांबली. "ह्या पोराक काय झालां, कळता तुका?"

"भूक लागली हा तेका."

"मगे, ते कावळे खंयच्या भाशेत ओरडतत, ता तूच सांग रे पुता."

मागे कुणीतरी हसलं. तो हसला नाही. गोधडीकडे बघत राहिला, मग काठी उचलून खाली उतरला, त्याच्यामागे बाकीचेही.

बस सुटल्यावर तिने सुई-दोरा माझ्यापुढे धरला. नवा दोरा तिच्या हातून दोनदा नेढ्याला चुकला होता.

"ओवून दी गो बाय."

मी घेतला, पण दोरा माझ्याही हातून लवकर ओवला जाईना.