ज्याच्या मागे कोणी नव्हतं

माझा भाऊ कासियान फार कमी बोलायचा. लोकांना वाटायचं, माणूस खोल आहे. खोल वगैरे काही नाही, त्याच्या ओठांत दिवसभर खिळे असायचे. जोडे शिवणाऱ्याचा एक हात जोड्यात असतो आणि दुसरा हातोडीवर, मग खिळे धरायला तोंडच उरतं. संध्याकाळी जेवायला बसताना तो खिळे काढून वाटीत ठेवायचा, पण तोवर बोलायची सवय मोडलेली असे. "मेने, मीठ," एवढंच म्हणायचा. मी मीठ पुढे सरकवायचे.

आता आमच्या गावच्या शाळेच्या भिंतीवर त्याच्या नावाची संगमरवरी पाटी लागली आहे. 'कप्तान कासियान, इनरलानचा रक्षक.' दुसऱ्या युद्धानंतरच्या पोरांनी ती लावली, चांगलंच केलं. पण परवा त्यांतला एकजण मला विचारत होता, "आजी, तुम्ही कप्तानांना कधी पाहिलं होतं का?" त्याला काय सांगणार? मी त्याचे मोजे धुतले आहेत. पाटीवर जागा कमी असते, म्हणून हे लिहिते आहे.

आई गेली तेव्हा मी शाळेत जात होते. वडिलांना त्याआधीच डोंगरावरून सुटलेल्या बर्फाने नेलं होतं. कास नुकता कमावता झालेला. तेव्हापासून तो खाली दुकानात आणि मी वर चुलीपाशी, असं आमचं घर चाललं. त्याने लग्न केलं नाही. लाजरा इतका की गावातल्या प्रत्येक बाईचा पाय त्याला पाठ होता, चेहरा एकीचाही नव्हता. मला एक मागणी आली होती, खालच्या गावच्या गिरणीवाल्याची. मी नाही म्हटलं. गिरणीवाल्याचे दात वाईट होते हे एक कारण, आणि मी गेले तर कासला जवाचं सूप कोण वाढणार हे दुसरं. दुसरं कारण मी कोणाला सांगितलं नाही. कासलाही नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

एकोणीसशे पंधरा सालच्या मे महिन्यात इटलीने आमच्या ऑस्ट्रियावर युद्ध पुकारलं. गावचे धडधाकट पुरुष आधीच रशियाच्या आघाडीवर जाऊन मरत होते. उरले होते पिकल्या मिशांचे आणि मिसरूड न फुटलेले. आमच्या तिरोलमध्ये प्रत्येक गावाची नेमबाजांची मंडळी असते. रविवारी चर्च सुटलं की ती चांदमारी करते, आणि शत्रू दारात आला की तीच गावची फौज होते. तिचा कप्तान वरून येत नाही, गावच त्याला हात वर करून निवडतं.

त्या दिवशी आम्ही बायका चांदमारीच्या कुंपणाशी उभ्या होतो. पाद्रीबाबांनी विचारलं, "कप्तान कोण?" मंडळी एकमेकांकडे बघू लागली. मग रोखूस पुढे झाला. हा सुतार, आमच्या शेजारचा, कासचा एकुलता एक दोस्त म्हणावा असा. तो म्हणाला, "कासियान." सगळे हात एकदम वर गेले. कासचा तेवढा खाली होता. त्याने तोंड उघडलं, बहुधा नाही म्हणायला, पण खिळे नसले तरी त्याला शब्द सापडले नाहीत.

मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू. नेम त्याचा बेताचा, आवाज बसका, चाल फेंगडी, आणि तरी अख्ख्या गावाने त्यालाच निवडलं. मला वाटलं, आपल्या लोकांना माणसाची पारख आहे. त्याच्या गळपट्टीवर तीन तारे मी शिवले. एक वाकडा गेला, तो उसवून पुन्हा शिवला.

गावाच्या डोक्यावर एक खिंड आहे. तिच्या पलीकडे इटलीचं सैन्य, अलीकडे आमची घरं. कासची मंडळी तिथे दगडांच्या आडोशाला राहू लागली. मी पाव आणि धुरावर सुकवलेलं मांस घेऊन वर जायचे. पहिल्यांदा गेले तर कप्तानसाहेब खडकावर बसून कोणाचा तरी बूट शिवत होते, ओठांत खिळे.

"कप्तान, माझी टाच सुटलीय," एकजण म्हणाला.

"बरंच झालं," रोखूस म्हणाला. "आता तुला पळून जाता यायचं नाही."

सगळे हसले, कासही हसला असावा, खिळ्यांमुळे नक्की कळलं नाही. सैन्यातला एक खराखुरा अधिकारी खालून पाहणीला आला होता, तो मात्र तुच्छतेने हसला म्हणे. असल्या उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचं हसणं कासने मनावर घेतलं नाही. त्याला काळजी एकच होती, दगडांत बुटांचे तळ फार झिजतात.

ऑगस्टमधल्या एका सकाळी धुकं उतरलं, आणि त्या धुक्यातून इटलीचे सैनिक चढून आले. गावात गोळ्यांचे आवाज येऊ लागले. मग आमची चार माणसं धावत खाली आली, रोखूस पुढे. उतारावरच्या दुसऱ्या चौकीतली माणसं जमवून ती लगेच पुन्हा वर गेली. मी अंगणात उभी होते. वर आमच्या बाजूची एकच बंदूक वाजत होती, थांबून थांबून, जोड्यात खिळे ठोकावेत तशी. ती कोणाची हे मला कळलं असं मी म्हणणार नाही. पण ती थांबली तेव्हा मी आत गेले आणि चूल विझवली.

खिंड राहिली, गाव राहिलं. कासला रोखूसने पाठीवर घालून आणलं. आमच्या ओट्यावर त्याला ठेवताना रोखूस लहान मुलासारखा रडत होता.

युद्ध मात्र आम्ही हरलो. कासने जी खिंड सोडली नाही ती दूर कुठेतरी टेबलाशी बसलेल्या लोकांनी देऊन टाकली, आणि घरातून न हलता आम्ही इटलीत गेलो. शाळेतली भाषा जर्मनची इटालियन झाली, गावाचं नाव बदललं, पाद्रीबाबा हळू आवाजात बोलू लागले. मी एकटी राहत होते. पहिली काही वर्षं जेवताना माझा हात आपोआप मीठ पुढे सरकवायचा. मग ती सवय गेली. ती गेली तेव्हा घर खरं रिकामं झालं.

एकोणचाळीस साली रोम आणि बर्लिन यांनी आमचा सौदा केला. जर्मन राहायचं असेल तर घरदार सोडून उत्तरेला जा, घर हवं असेल तर इटालियन होऊन मुकाट राहा. वर्ष संपायच्या आत जाणाऱ्याने सही करायची, न करेल तो राहिला असं धरायचं. राहतील त्यांना पार सिसिलीत नेऊन टाकणार अशी आवई उठली होती. आमच्या गावाने जायचं ठरवलं. चर्चसमोर हात वर झाले. त्यांतले कितीतरी हात मी पूर्वी चांदमारीच्या मैदानावर वर गेलेले पाहिले होते. ज्यांनी गाव राखायला माणूस निवडला होता, त्यांनीच आता गाव सोडायचं निवडलं.

मीही जाणार होते, खोटं कशाला सांगू. सगळे शेजारी गेल्यावर त्या डोंगरात एकटी बाई कोणाच्या जिवावर राहणार? ट्रंक माळ्यावरून काढली होती. कासची आरी आणि हातोडी फडक्यात बांधून तिच्या तळाशी ठेवली होती. सही तेवढी राहिली होती. तिला हात उचलत नव्हता, कारण दर वेळी मनात यायचं, कासला इथे थडग्यात एकट्याला टाकून कसं जायचं.

डिसेंबरात रोखूस आला. आता तोही म्हातारा झाला होता, त्याची बायको रेगिना दोन हिवाळ्यांमागे गेली होती.

"मेने, अजून सही नाही?"

"शाई गोठलीय."

"थट्टा पुरे. कप्तानाची बहीणच राहिली तर लोक काय म्हणतील?"

"लोक इथे असणार आहेत होय, काही म्हणायला?"

रोखूस हसला नाही. टोपी गुडघ्यावर ठेवून बाकावर बसला. मी त्याला पेलाभर दारू ओतून दिली.

"येते रे मी," मी म्हटलं. "ती बघ ट्रंक. पण कासचं काय करू? त्याच्याजवळ कोण?"

"तेच सांगायला आलोय. त्याचं ओझं घेऊन बसू नकोस. तो तसला माणूसच नव्हता. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

इतकी वर्षं रोखूसने ही गोष्ट मला सांगितली नव्हती. आता सांगितली ती माझं मन हलकं व्हावं म्हणून. हे मी आजही मानते, रोखूस दुष्ट नव्हता.

"धुक्यातून ते आले तेव्हा वर आम्ही पाचजण होतो. एकाने थांबून त्यांना अडवायचं आणि बाकीच्यांनी मदत आणायची, दुसरा इलाज नव्हता. मी म्हटलं, चिठ्ठ्या टाकू. तर कास म्हणतो, 'चिठ्ठ्या कसल्या टाकता? तुम्हाला बायका आहेत, पोरं आहेत. निघा. माझ्या मागे कोणी नाही.'"

मी त्याचा पेला पुन्हा भरला. त्याला वाटलं, मला पटतंय.

"आम्हाला ते ठाऊकच होतं गं. म्हणून तर त्याला निवडला. आदल्या संध्याकाळी खानावळीत ठरलं होतं सगळं. कप्तान पुढे असतो, पहिली गोळी त्याला. मग ज्याच्या मागे कोणी नाही त्यानेच पुढे व्हावं, नाही का? त्यात त्याचा अपमान नव्हता, मेने. सगळ्यांना तेच बरं वाटलं."

"आणि मी?"

"तू काय?"

"मी नव्हते मागे?"

तो खरोखरच गोंधळला. एवढ्या वर्षांत हा विचार त्याच्या मनाला शिवलाच नव्हता. मग म्हणाला, "तू? तू तर घरचीच."

तो गेल्यावर मी खूप रडले. कास गेला तेव्हाही इतकी रडले नव्हते. रोखूसवर माझा राग नव्हता, गावावरही फारसा नव्हता. गाव आपली पोरंबाळं बघणार, त्यात नवल काय. राग कासवर होता. गिरणीवाल्याला मी ज्याच्यासाठी नाही म्हटलं, ज्याचे तारे उसवून पुन्हा शिवले, जो माझ्या हातचं खाऊन वर गेला, त्याने चार माणसांत सांगितलं की माझ्या मागे कोणी नाही. त्या दिवशी त्याच्या तोंडात खिळे असते तर बरं झालं असतं.

सही मी केली नाही. आता पोरं त्याला देशप्रेम म्हणतात. कसलं देशप्रेम आणि कोणत्या देशाचं? मी हट्टाने राहिले. मी गेले असते तर कास म्हणाला ते खरं झालं असतं.

मग गाव माझ्यावर उलटलं. फितूर, फितूर करत एकदा खिडकीवर दगड आला, एकदा दाराला शेण फासलेलं सापडलं. पाववाल्याची बायको पाव संपला म्हणायची, आणि तिच्या पाठीमागे फळीवर पाव दिसत असायचे. चर्चमध्ये माझ्या बाकावर कोणी बसेना. कासच्या प्रेताला खांदा दिलेली माणसं मला बघून रस्ता ओलांडू लागली.

वसंतात बर्फ वितळलं आणि सामानाच्या गाड्या निघू लागल्या. रोखूसच्या निघण्याच्या आदल्या दिवशी तो माझ्या फाटकाशी येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"मेने, एक काम होतं."

"फितुराकडे?"

त्याने ते ऐकून घेतलं. "रेगिना आहे ना माझी. कासच्या पलीकडच्या रांगेत. मृतांच्या दिवशी तिच्यापुढे एक मेणबत्ती लावशील का?"

"म्हणजे तुझं इथे कोणीतरी आहे तर."

तो टोपी हातात फिरवत राहिला. मला वाटलं, हा थांबेल. एक क्षण मला तसं खरंच वाटलं, आणि ते इतकं हवंसं वाटलं की माझी मलाच लाज वाटली. त्याने थांबावं, समोर राहावं, भांडावं, बोलू नये, काहीही, पण त्या घरातून धूर निघताना दिसावा.

"मुलगा पुढे गेलाय," तो म्हणाला. "मी मागे राहून काय करू?"

दुसऱ्या दिवशी तो गेला. उत्तरेकडच्या कुठल्याशा शहरात तीन जिने चढून जायच्या खोलीत तो वारला, असं पुढे त्याच्या सुनेकडून कळलं. रेगिनापुढे मेणबत्ती मी लावते. रेगिनासाठी लावते, त्याच्यासाठी नाही.

दुसरं युद्ध आडवं आलं म्हणून काही घरं गेलीच नाहीत, काही नंतर परत आली. पण वरच्या आळीत आता मी एकटीच आहे. बर्फ पडलं की कोणाची पावलं दारापर्यंत उमटत नाहीत. एकटेपणाची सवय होते असं जे म्हणतात, त्यांनी एक हिवाळा इथे राहून बघावा.

कासच्या थडग्याशी मी रोज जाते. प्रार्थना थोडी करते, भांडते जास्त. गावचे लोक विसरले ते मी सोडून दिलंय, पण याचं विसरणं मला अजून सोडता येत नाही. मी त्याला म्हणते, कास, चारजणांना खाली धाडलंस ते ठीक केलंस. त्यांची पोरं जगली, त्याचं मला बरंच वाटतं. पण तसं बोलण्याआधी तू एकदा मागे वळून बघायला हवं होतंस.