किड्यांच्या हॉस्टेलच्या रेक्टर

दारावर दोनदा ठोकल्याशिवाय मॅडम कुठेही डोकावत नसत. बोट वाकवून टक टक, मग जरा थांबणं, मग "येऊ का?" दार सताड उघडं असो, आपण समोरच भाजी निवडत बसलेलो असो, त्या ठोकणारच. उल्हासनगरात नोकरी करणाऱ्या मुलींच्या हॉस्टेलवर त्या रेक्टर होत्या. सगळी हयात तिथेच गेली. न ठोकता खोलीत शिरणारी रेक्टर मुलींच्या मनातून कायमची उतरते, असं त्या सांगत. निवृत्त झाल्यावर त्या चिखलोलीला आमच्या बिल्डिंगमध्ये आल्या, माझ्या शेजारीण झाल्या. सवय सामानाबरोबर आलीच.

एकदा सकाळी मी दूध आणायला खाली उतरले, तर मॅडम मागच्या बागेत एका रिकाम्या लाकडी खोक्यावर टक टक करत होत्या. "येऊ का?" त्यांनी खोक्याला विचारलं. मी पिशवी घेऊन तशीच उभी राहिले. म्हटलं, झालं, बाईंचं डोकं फिरलं.

डोकं फिरलं नव्हतं. भोपळा लागत नव्हता.

बिल्डिंगच्या मागे जमिनीचा एक तुकडा रिकामा होता. तिथे त्यांनी लाल भोपळ्याचा वेल लावला होता. फुलं अशी की बघत राहावं, पण बोराएवढा भोपळा धरायचा आणि पिवळा पडून गळायचा. आमची सोसायटी इतकी चकाचक, की फुलाकडे फिरकायला माशी नाही, भुंगा नाही. सगळीकडे फरशी, वर औषधाची फवारणी.

"फुलांकडे पाहुणे यायला हवेत, टीचर," त्या म्हणाल्या. मी शाळेत शिकवते, म्हणून बिल्डिंगभर टीचर. "आणि पाहुण्यांना राहायला जागा हवी. ते काम मला येतं."

मी झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढणारी बाई. पण त्यांना नाही म्हणणं कुणाला जमलंय? त्यांच्यामागून मी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेले. एका सिंधी दुकानदाराकडे त्यांनी लाकडाचे उरलेले तुकडे मागितले.

"माताजी, ये तो कचरा है. क्या बनाओगे?"

"हॉस्टेल."

"किसके लिए?"

"भुंगे, रानमाश्या, कुंभारमाश्या."

तो गृहस्थ हातातला चहा विसरला. मग म्हणाला, "रेंट क्या लोगे उनसे?"

"भोपळा," मॅडम म्हणाल्या. त्याने हसत हसत सागाची एक चांगली फळीही वर टाकली.

हॉस्टेल बांधताना त्यांची शिस्त बघायला हवी होती तुम्ही. त्या रिकाम्या खोक्यात बसवायच्या लाकडाच्या ठोकळ्यांना लहानमोठी भोकं पाडली, पण आरपार नाही. "मागून वारा आला तर कोण राहील?" बांबूच्या नळ्या पेराला धरून कापल्या, म्हणजे एक टोक आपोआप बंद. प्रत्येक भोकाची कड पॉलिशपेपरने घासली, कारण आत शिरताना पंख फाटतात. तोंड पूर्वेला, वर मंगलोरी कौल. पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, आपण दुधाच्या कपाटाखाली मुंग्यांसाठी ठेवतो तशा. खालच्या कप्प्यात सुका पाला आणि नारळाच्या शेंड्या भरल्या. तिथे लाल पाठीचे ढालकिडे येऊन राहिले आणि शेजारच्या चवळीवरची मावा ही कीड त्यांनी फस्त केली.

भाडेकरू आले, तसं मॅडमनी एकेकीचं बारसं केलं. गुलाबाचं पान गोल कातरून नेणारी माशी ती शिवणवाली. तोंडात चिखलाची गोळी आणणारी कुंभारमाशी ती गवंडीण. काळे भुंगे बांबूत राहायचे आणि घूं घूं आवाज करायचे. "रात्रपाळीची मुलगी अशीच घोरायची," त्या म्हणाल्या. यातली एकही माशी थव्याने राहत नाही, प्रत्येकीची आपली खोली वेगळी, हे त्यांना विशेष आवडायचं. आई आत अंडं घालते, शिदोरी ठेवते, दार लिंपून निघून जाते. पिल्लू एकटं वाढतं आणि एक दिवस दार पोखरून बाहेर पडतं.

भोक उघडं दिसलं की मी हळहळायचे. "गेली वाटतं, मॅडम."

"टीचर, रिकामी खोली म्हणजे चांगली बातमी." हे वाक्य त्यांचं हॉस्टेलमधलं. कुणाला मोठी नोकरी लागली, कुणी लग्न केलं, कुणी स्वतःचं घर घेतलं, की खोली रिकामी व्हायची. मॅडम डबा भरून द्यायच्या आणि गेटपर्यंत जायच्या. रडायचं ते मुलगी रिक्षात बसल्यावर. मग खोली धुऊन पुढच्या मुलीची वाट बघायची. आताही तेच, फक्त भोक बाटली धुवायच्या ब्रशने साफ करून.

त्या वर्षी भोपळे असे लागले, की बिल्डिंगभर घारग्यांचा वास. एक भोपळा फर्निचरवाल्याला पोचता झाला.

दर दिवाळीत त्यांच्या हॉस्टेलची एक जुनी मुलगी यायची, वैशाली. बारवी धरणाच्या बाजूला तिचं सासर, भातशेती, रोपवाटिका. दर वेळी तेच.

"मॅडम, आता चला ना माझ्याकडे. पडवीतली खोली तुमच्यासाठीच काढलीये."

"वैशू, हे माझे बोर्डर कुणाच्या जिवावर टाकू?"

मला माहीत होतं, त्यांना जायचं होतं. तिचा फोन येऊन गेला की त्यांचा चेहरा संध्याकाळभर उजळलेला असायचा. पण बोर्डर टाकून जाणारी रेक्टर त्या नव्हत्या.

मग गेल्या दिवाळीआधी सोसायटीने कंपाउंडची भिंत रंगवायला काढली. आमचे सेक्रेटरी भला माणूस, उत्साहाचा नुसता धबधबा. मॅडमना सरप्राइज द्यावं म्हणून त्यांनी पेंटरला सांगितलं, त्या लाकडी कपाटालाही हात मारून टाक. मॅडम त्या दुपारी अंबरनाथला दातांच्या डॉक्टरकडे. परत आल्या तर पेंटर ब्रश धूत होता.

"मॅडम, बहुत छेद था उसमें. दीमक लगी थी. सब में पुट्टी भर दी, एकदम प्लेन!"

खरंच प्लेन. एक भोक दिसत नव्हतं. मॅडमनी बोट वाकवलं, दोनदा ठोकलं आणि कान लावला. त्यांचे डोळे भरलेले मी पहिल्यांदा पाहिले.

"आत आहेत हो सगळ्या," त्या म्हणाल्या. "बाहेरून दार लावलंय कुणीतरी."

पेंटर बिचारा पांढरा पडला. सेक्रेटरींनी तर कानच पकडले. पुट्टी अजून ओली होती, पण ती काढताना आतलं मातीचं, पानाचं नाजूक दार फुटलं तर पिल्लू गेलंच. फराळाचे दिवस, गॅसवरच्या कढया उतरवून बायका खाली आल्या. कुणाकडे हेअरपिन, कुणाकडे विणायची सुई, कुणाकडे कंपासपेटीतलं कर्कटक. सेक्रेटरी बायकोची पिन घेऊन बैठक मारून बसले. आणि मी? मी गवंडिणीच्या खोलीला नाक लावून बसले होते, खुर्चीवर न चढता. कुणी घाईने खुपसलं, की मॅडम म्हणायच्या, "आधी ठोका!" अंधार पडेपर्यंत बागेत टक टक चालू होती.

मग वाट बघणं आलं. ऑफिसला जाणारे थेट गेटकडे न जाता मागच्या बागेत डोकावून जायला लागले. भाऊबीजेला सकाळी ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला, "एक बाहेर आली!!!" आम्ही ओवाळायची ताटं तशीच ठेवून धावलो. हिरव्या दाराला वेडंवाकडं भोक, आणि कडेवर एक शिवणवाली पंख वाळवत बसलेली. बघता बघता उडाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या हो, माशीसाठी! सगळ्या आल्या नाहीत. काही दारं तशीच राहिली, त्यांच्यावर मॅडम रोज दोनदा ठोकायच्या. पण बऱ्याचशा आल्या.

दिवाळी सरता सरता एका दुपारी वैशाली आली. तिने विचारायच्या आत सेक्रेटरी पुढे झाले.

"मॅडम, तुम्ही बिनधास्त जा. मी बघतो यांचं."

मॅडमनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "उघडायच्या आधी काय करायचं?"

"ठोकायचं."

"फवारणीवाला आला तर?"

"त्यालाच ठोकायचं!"

मॅडम इतक्या हसल्या की नवीन कवळी सांभाळावी लागली.

टेम्पोत सामान चढलं. मी भोपळ्याच्या घारग्यांचा डबा भरून दिला आणि गेटपर्यंत गेले. रीत मला पाठ झाली होती. टेम्पो वळला, आणि मग मी पोटभर रडले. वर आल्यावर सवयीने त्यांच्या दारावर दोनदा ठोकलं. कुलूप हललं, आतून कुणी "या" म्हणालं नाही. रिकामी खोली. पदराने डोळे पुसले आणि स्वतःलाच बजावलं, चांगली बातमी आहे, टीचर. खालून सेक्रेटरींचा आवाज येत होता. टक टक. "येऊ का?"