विहीणबाईंचा दुभाष्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. बायको असती तर तिलाही सांगितलं नसतं — तिने ओळखलं असतं, ती गोष्ट वेगळी. वर्षानुवर्षं टाळत आलो. कुणी तो विषय काढला की मी चहा ठेवायला उठायचो. आज उठत नाही.

मी जर्मनीत, हेर्त्सोगेनआउराखला मुलाच्या घरी राहतो. उभी नोकरी पुण्यात, एका जर्मन यंत्रकंपनीत झाली, त्यामुळे जर्मन येतं — चांगलं येतं, आणि त्याचा मला फार गर्व होता. बायको गेल्यावर निखिल म्हणाला, बाबा, इकडेच या. आलो. माझ्यामागोमाग मुग्धाची, म्हणजे सुनेची आई आली. सुलभाताई. नागपूरच्या निवृत्त शिक्षिका, त्याही एकट्या.

वाईट होत्या का? भांडखोर, लुडबुड्या? तसं म्हणता आलं असतं तर हे लिहिणं सोपं गेलं असतं. त्या फक्त सगळ्यांना आवडायच्या. शेजारची म्हातारी त्यांना रोज फिरायला न्यायची. सुलभाताईंना जर्मनचा एक शब्द येत नव्हता. दोघी हातवारे करत, खिदळत जायच्या. मी त्या बाईशी व्याकरणशुद्ध बोलायचो — मला तिने कधी बोलावलं नाही. आणि ईरा, आमची नात. मी मराठीत विचारलं तरी ती उत्तर जर्मनमध्ये द्यायची. मी म्हणायचो, इथल्या मुलांचं असंच असतं. सुलभाताई आल्या आणि पोरगी चुरूचुरू मराठी बोलायला लागली. तेही नागपूरचं. एके दिवशी दारात उभी राहून म्हणते, "आजोबा, तुम्ही काय करून राहिले?" सगळे हसले. मीही हसलो. त्या रात्री जेवलो नाही, पोट बिघडलंय म्हणालो.

मी टोमणे मारायचो. "काय विहीणबाई, जावयाचं अन्न मानवलेलं दिसतंय!" त्या पोळी वाढत म्हणायच्या, "अन्न जावयाचं असेल भाऊ, मीठ माझ्या हातचं आहे." पुन्हा सगळे हसायचे. पुन्हा त्यांच्याच बाजूने.

मी मुलाकडचा होतो, हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्या पिढीत मुलीच्या आईने मुलीच्या घरी चार दिवस राहावं, पाहुण्यासारखं. हे मी कधी तोंडाने बोललो नाही. पण ते माझ्या बसण्या-उठण्यात होतं, आणि त्यांना ते कळत होतं. मी खोलीत आलो की त्या सोफ्यावरून उठायच्या.

आम्हा दोघांचेही इथे राहण्याचे परवाने संपत आले होते. वाढवून घ्यायचे तर आम्टमध्ये — इथे सरकारी कार्यालयाला सगळे तसंच म्हणतात — दोन गोष्टी दाखवायच्या: आजारपणाचा विमा, आणि आपल्या नावावरचं बँकेतलं खातं, ज्यात पेन्शन नियमित येतं आणि ज्यातले पैसे आपल्याला हवे तेव्हा काढता येतात. मुलगा पोसेल, जावई पोसेल, हे त्यांना पुरत नव्हतं. माझं काम सरळ झालं. माझं खातं माझ्या एकट्याचं होतं.

सुलभाताईंचं नव्हतं. यजमान गेल्यावर त्यांनी खात्यावर मुलाचं नाव घातलं होतं — आपल्याकडे सगळेच घालतात. उद्या आपलं काही झालं तर पोरांना बँकेत खेटे घालायला नकोत, एवढ्यासाठी. पहिलं नाव त्यांचं, दुसरं मुलाचं, दोघांपैकी कुणीही एकट्याने पैसे काढू शकतो. पेन्शन त्यांचं, सही त्यांची. मुलाने त्यातला एक रुपया कधी काढला नव्हता. हे सगळं मला माहीत होतं. त्यांची कागदपत्रं मीच लावली होती.

टर्मीनच्या, म्हणजे आम्टने दिलेल्या भेटीच्या दिवशी मुग्धाला सुट्टी मिळाली नाही. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जाल ना आईबरोबर? तुमच्याइतकं जर्मन मलाही येत नाही." मी म्हणालो, काळजी करू नकोस.

समोरची बाई तरुण होती, सभ्य होती. खात्यावर दोन नावं पाहून तिने विचारलं, हे पैसे नक्की कुणाचे? मी ते मराठीत विचारलं. आणि सुलभाताई संकोचून हसल्या. म्हणाल्या, "आता माझं काय हो भाऊ? सगळं पोरांचंच आहे."

आपल्याकडची कुठलीही आई हेच म्हणेल, नाही का? ताटावरून उठताना 'पोट भरलं' म्हणावं, तसं. त्याचा अर्थ मला कळत होता. माझी आईही हेच म्हणायची आणि कपाटाची किल्ली कमरेला ठेवायची. मी ते वाक्य जर्मनमध्ये नेलं — शब्दाला शब्द. त्या म्हणतात, हे पैसे त्यांचे नाहीत. सगळे मुलांचे आहेत.

बरीच वर्षं मी स्वतःला इथपर्यंतच सांगत आलो. मी काय खोटं बोललो? त्या जे म्हणाल्या तेच सांगितलं.

पण ती बाई तिथे थांबली नाही. तिला बहुधा शंका आली. तिने पुढे विचारलं, मुलाला न विचारता यांना पैसे काढता येतात का? हा प्रश्न मी सुलभाताईंना विचारलाच नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या, मी आता काय सांगतो म्हणून. मी बाईला म्हणालो, नाही. मुलाला विचारावं लागतं.

आणि तरीही तिने वाट दाखवली. म्हणाली, मुलाकडून एक निवेदन आणा, की या पैशांवर माझा हक्क नाही. किंवा यांच्या एकटीच्या नावावर खातं उघडा. महिनाअखेरपर्यंत मी थांबते. मी मान हलवली, आभार मानले. सुलभाताईंनी बाहेर आल्यावर विचारलं, "शेवटी काय म्हणाली हो? चेहरा तर चांगला होता तिचा."

मी म्हणालो, "कळवतील म्हणाली."

नकार आला. कारण एवढंच: अर्जदाराच्या स्वतःच्या सांगण्यानुसार पैसे तिच्या हातात नाहीत. मुग्धाने ते मोठ्याने वाचलं आणि आईकडे वळली. "आई, तू असं कशाला बोललीस? तिथे कुणी असं बोलतं का?" सुलभाताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "बोलले गं मी. माझ्याच तोंडून गेलं." मुग्धा रागाने रडायला लागली. आणि मी काय केलं असेल? मी मध्ये पडलो. म्हणालो, "जाऊ दे मुग्धा. त्यांना काय कळतं त्यातलं?"

निखिल म्हणाला, आपण हरकत घेऊ, वकील बघू. मी म्हणालो, बघ बाबा, पण एकाच घरातल्या दोन फायली आहेत. एक उकरली की दुसरीही उकरतील. मला परत पाठवलं तर पुण्यात मला कोण आहे? यात काही तथ्य नव्हतं. पण मुग्धाने वकिलाचा विषय सोडून दिला. सासऱ्याच्या आड ती कशी येणार? हे गृहीत धरूनच तर मी बोललो होतो.

विमानतळावर ईराने आजीचा पदर सोडला नाही. बोटं एकेक करून मी सोडवली. सुलभाताई मला म्हणाल्या, "तुम्ही किती धावपळ केली भाऊ." ईरा पुढे काही महिने आजीच्या उशीवर झोपत होती. मग पुन्हा जर्मन बोलायला लागली. माझ्याशीही, सगळ्यांशीच.

त्या परत आल्या नाहीत. मुग्धा म्हणायची, निदान तीन महिने पाहुणी म्हणून ये. फोनवर त्या म्हणायच्या, "नको गं, पुन्हा कुठे काही बोलून बसेन." नागपूरला मुलाकडे राहिल्या. तिथे त्यांना मागची खोली होती आणि त्यांच्याशी बोलायला कुणाला वेळ नव्हता. हे मला कसं माहीत? मुग्धा फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात उभी राहायची, नळ सोडून. नळाखाली भांडं नसायचं.

मागच्या हिवाळ्यात मी नागपूरला गेलो. मुद्दाम गेलो. त्या पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं, अंथरुणाला खिळल्या होत्या. वाटेत मी एक वाक्य तयार केलं होतं. खोलीत त्यांची सून चहा ठेवून गेली. सुलभाताईंनी माझा हात धरला — आयुष्यात पहिल्यांदाच. मी तोंड उघडलं. पण त्याच आधी बोलल्या.

"भाऊ, तेव्हाचं एक मनात राहून गेलंय. तुम्ही एवढं केलं, आणि माझ्या एका वाक्याने सगळं मातीत घातलं. पोरीला माझ्यामुळे रडावं लागलं. मला माफ करा."

खोलीत आम्ही दोघंच होतो. अडवणारं कुणी नव्हतं. वाक्य तोंडात होतं.

मी त्यांचा हात थोपटला आणि म्हणालो, "असू द्या हो. मी कधीच मनातून काढून टाकलंय ते."

मी त्यांना माफ केलं.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. बरं वाटलं म्हणाल्या. चहा निवत होता; मी तो प्यायलो. उन्हाळ्यात त्या गेल्या. वाक्य असं होतं — सुलभाताई, तुम्ही बरोबर बोलला होता. खोटं मी बोललो, आणि तुम्हाला घालवायचं होतं म्हणूनच बोललो.