पाण्यात नुसतं पाहायला गेलेला माणूस

अन्याय झाला तो आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या काकाजींवर. झाला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहा वाजता, यवतमाळ जिल्ह्यात जंगलाच्या कडेला बंद पडलेल्या एका दगडखाणीच्या काठावर. काकाजींच्या अंगावरून पाणी निथळत होतं तेव्हाच दोन पोलिसांनी त्यांच्या पाठीवरचं श्वासाचं यंत्र उतरवून घेतलं आणि जीपमध्ये टाकलं. ते अजून परत मिळालेलं नाही. तालुक्याचं नाव मी लिहीत नाही, कारण काकाजी म्हणाले, नको घालू. माझा हात शिवशिवतो, पण यंत्र त्यांचं आहे.

काकाजी भोई. विहिरीत पडलेली मोटर, बादली, कळशी, कधी माणूस, हे दम धरून खाली जाऊन काढायचं हे त्यांचं काम. ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेला, पाणी खाली गेलेलं, म्हणून जो तो विहीर आणखी खोल करत होता आणि काकाजींना आणखी खाली जावं लागत होतं. मी तेव्हा कापसाच्या भावावर पत्रकं लिहायची. एकेका पत्रकात तीनतीनदा धिक्कार. शेजारी एक माणूस रोज छाती फुटेस्तोवर दम धरतो आहे, ह्यावर मी एक ओळ लिहिली नव्हती. हे आधीच कबूल करून टाकते.

यंत्र मिळालं बोरी अरबच्या बाजारात. भंगारवाल्याने ते जुन्या फवारणी पंपांच्या रांगेत टांगलं होतं. आमच्या भागात पट्टे लावून पाठीवर घ्यायची आणि नळी असलेली कुठलीही वस्तू फवारणीचा पंपच असते. भंगारवालाही तसंच म्हणाला, "रशियन पंप हाय. दोन टाक्या. एका टाइमात दोन औषधं मारा!"

काकाजींनी तो पंप उलटसुलट केला. दोन लोखंडी नळकांडी. त्यांच्यावर मानेमागे येईल अशी गोल डबी. डबीच्या दोन बाजूंनी निघालेल्या दोन चुण्यांच्या नळ्या पुढे येऊन एका रबराला मिळत होत्या. त्या रबरावर दोन छोटे उंचवटे होते आणि त्यांच्यावर चावल्याच्या खुणा.

"हे दातानं धरलेलं हाय," काकाजी म्हणाले. "फवारणीच्या पंपाले दात कायले लागते?"

"रशियात तसं फवारत असतीन."

"तोंडानं इख मारत असतीन? येडा झाला का बे?"

घरचा जुना फवारणी पंप देऊन काकाजी ते यंत्र घेऊन आले. काकूंनी ते तुळशीजवळ उभं केलं, पाहिलं, आणि एवढंच विचारलं, "अन् आता पऱ्हाटीवर काय, फुंकर मारू?"

डबीवर अक्षरं होती. काही इंग्रजीसारखी, काही उलटी, एक तर चक्क टेबलासारखं. मी ती कागदावर जशीच्या तशी उतरवली आणि यवतमाळच्या नेट कॅफेत जाऊन स्कॅन केली. तिथे पाणबुड्यांच्या जुन्या साहित्याचा नाद असलेल्या लोकांची एक जागा सापडली. जगभरची माणसं एकमेकांना झडपांचे आणि नळ्यांचे फोटो दाखवत बसलेली. मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, हे काय आहे?

दोन दिवसांनी उत्तर आलं ते ओडेसाच्या एका म्हाताऱ्या पाणबुड्याचं. त्याचं इंग्रजी माझ्याहून मोडकं. हे सोव्हिएत यंत्र आहे, तुझ्या जन्माआधीचं. पाण्याखाली श्वास घ्यायला. वापरू नका, मराल. शेवटी एक ओळ : डबी उघडून आतल्या रबरी पडद्याचा फोटो पाठवशील का?

मराल म्हणणारा माणूस पडद्याचा फोटो मागतो, हे मला आवडलं. मी फोटो पाठवला आणि काकाजींबद्दल लिहिलं. मग प्रश्नांचा पाऊस. किती खोल जातो? कान दुखत नाहीत का? अंधारात दिसतं कसं? मी ते प्रश्न घरी आणून वाचून दाखवायची आणि काकाजी खाटेवर बसून उत्तरं सांगायचे.

"सांग त्याले, दिसत नाई. हातच डोये. अन् त्याले इचार, समुद्रात मोटर पडते का?"

ओडेसाहून उत्तर आलं : मोटर नाही, अख्खं जहाज पडतं. काकाजी दिवसभर हसत होते. मग थांबून म्हणाले, "अन् मानसं?" हे मी विचारलं. दुसऱ्या दिवशी एका शब्दाचं उत्तर आलं : हो. त्यानंतर म्हाताऱ्याने वापरू नका म्हणणं सोडलं आणि कसं वापरायचं ते सांगायला लागला.

त्याच मंडळीत पोलंडची एक बाई होती. लेथवर काम करणारी, सुट्टीत जुनी यंत्रं घेऊन तळ्यात उतरणारी. रशियन नळकांड्यांचे आटे आपल्याकडच्या कॉम्प्रेसरला बसत नाहीत हे तिने आधीच ओळखलं आणि पितळेचा एक जोड स्वतः कातून पाठवला. ओडेसाहून नवा पडदा आला, सोबत मूठभर चॉकलेटं. हवा भरायची कुठे, हा प्रश्न होता. गॅस वेल्डिंगवाला म्हणाला, माझ्याकडचा ऑक्सिजन घ्या, एकदम प्युअर. ते कळवल्याबरोबर दोघांनी वेगवेगळ्या देशांतून एकाच दिवशी लिहिलं की त्या माणसाच्या दुकानाजवळही जाऊ नका, शुद्ध ऑक्सिजन खोल पाण्यात विष होतो. शेवटी काकाजींचे साडू कोळसा खाणीत कामाला होते, त्यांच्या साहेबांनी बचावाच्या खोलीतला कॉम्प्रेसर वापरू दिला. नळकांडी आधी तिथेच तपासून घेतली.

आणि मग ती चूक झाली. ही चूक दुसऱ्या कोणाकडून झाली नसती, आमच्याच माणसाकडून झाली.

काकाजी तीन पुरुष खोल विहिरीत उतरले. दोर काकूंच्या हातात. खाली ते मजेत श्वास घेत होते; बुडबुडे वर येताना आम्हाला दिसत होते. मग बुडबुडे थांबले आणि काकाजी भरकन वर आले. तोंडातलं रबर काढलं, छातीवर हात धरला आणि थुंकले, तर थुंकी गुलाबी.

"काय झालं जी?" काकू ओरडल्या.

"काई नाई. वर येतानी दम धरला."

चाळीस वर्षांची सवय. पाण्यातून वर येणं म्हणजे दम धरून येणं, त्यांच्या बापानेही तेच शिकवलेलं. पण वरून नेलेला दम वेगळा आणि खाली नळकांड्यातून घेतलेला वेगळा. खालची हवा दाबलेली असते. वर येताना ती फुगते, आणि तोंड बंद ठेवलं तर छाती फाडते. डॉक्टरांनी, थोडक्यात निभावलं असं सांगून, आठवडाभर झोपवून ठेवलं. मी कॅफेत जाऊन सगळं लिहिलं तेव्हा म्हाताऱ्याने मला पहिल्यांदा शिव्या दिल्या. मी त्याला आधी सांगायला हवं होतं, की हा माणूस जन्मभर वर येतानाही दम धरूनच येत आला आहे; त्याने आम्हाला आधी सांगायला हवं होतं, की दम धरायचा नाही. दोघांनाही ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. आमच्या शिक्षकाने आम्हाला वर येताना गुणगुणायला लावलं होतं, त्याने लिहिलं. आवाज निघतो तोवर हवा निघते.

"गानं म्हनू?" काकाजी म्हणाले. "तोंडात रबर घेऊन?"

काकूंनी सोडवलं. "गानं नाई. गोष्ट आयकतानी हुंकारा देता ना? तसा द्या. हूं, हूं करत या."

तेव्हापासून काकाजी हुंकारा देत वर येतात. कोण काय सांगतं आहे देव जाणे.

दोराच्या खुणांवरून मात्र मोठं भांडण झालं. आमच्याकडे दोन झटके म्हणजे वर ओढ. ओडेसाच्या आरमारात तीन. म्हातारा म्हणे, दोन झटके चुकूनही बसतात, तीन चुकून बसत नाहीत. काकूंनी मला उत्तर लिहायला बसवलं : "त्याले म्हना, तिसरा झटका देयाच्या आंदी मानूस गेला तं? मी काय तिसऱ्याची वाट पाहात बसू?" म्हाताऱ्याने लिहिलं की ह्या बाईंच्या हाती दोर असेल तर दोन चालतील.

वर्षभर काकाजींनी त्या यंत्राने मोटरी काढल्या. मग पोळ्याला पोलंडची बाई आली. स्वतःचं यंत्रही घेऊन आली, तेही तसंच जुनं, तिच्या देशातलं. काकूंच्या चुलीशी बसून ज्वारीची भाकरी थापायचा तिने प्रयत्न केला आणि काकूंनी तिच्या हाताला मारलं. "लोखंड कातते अन् भाकर फाटते! कशी वं तू?" दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता आणि दोघी सकाळपासून बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाणीवर गेलो. तिथलं पाणी निवळ असतं. काकाजींनी विचारलं, "काय काढाचं हाय?"

मी तिला सांगितलं. ती म्हणाली, काही नाही. पाहायचं.

"पाहाचं?"

"हो काकाजी. नुसतं पाहायचं."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मीच काहीतरी चुकीचं सांगितलं असावं. पण उतरले. अर्धा तास दोघांचे बुडबुडे शेजारी शेजारी फिरत होते. काकाजींचे मानेमागून निघत, तिचेही. मग हुंकारा ऐकू आला, निदान मला तसं वाटलं, आणि ते वर आले. डोळे मोठे झालेले.

"बाई वं," ते म्हणाले, "खाली पायऱ्या हायत. दगड वाहाच्या पायऱ्या. सुरुंगाच्या भोकात बारक्या मासोया राह्यतात. अन् मी माये हात पाह्यले. पान्यात माये हात मी कंदी पाह्यले नवते."

ते आणखी सांगणार होते. पण जीप आली होती. परदेशी बाई, खाण आणि नळकांडी, एवढं कोणीतरी ठाण्यात पोचवलं होतं. दोन पोलीस उतरले.

"खाली काय लपवलं?"

"काई नाई साहेब."

"मंग काढलं काय?"

"काईच नाई."

"मंग गेलता कायले?"

"पाहाले."

"पाहाले?" दुसरा हसला. "भोई मानूस तू. पान्यात काय पाहाले जातं बे? खरं सांग."

मी मध्ये पडले, कायदा विचारला, आवाज चढवला. पत्रकातलं सगळं बोलून झालं. त्यांनी दोन्ही यंत्रं तपासली. पोलंडच्या बाईने पिशवीतून विमानतळावरची पावती काढली. तिचं यंत्र तिला परत. काकाजींकडे काय असणार, त्यांनी फवारणी पंप देऊन घेतलेलं. ज्याच्याकडे कागद त्याचा श्वास त्याच्याकडे, असा तिथला न्याय. त्यांना चोरीचं वाटलं असतं तर मी समजले असते. पण त्यांना संशय आला तो एका गोष्टीचा, की हा माणूस पाण्यात काही काढायला नाही तर बघायला उतरला. गोरी बाई बघायला उतरली हे चालतं. आमचा माणूस फक्त काढायला. हे मी माफ करणार नाही.

ठाण्याच्या रजिस्टरात आता लिहिलं आहे : पंपासारखी संशयास्पद वस्तू, नग एक. पत्र्याच्या खोलीत ठेवलं आहे. रबराला ऊन लागलं तर ते तडकतं, हे मी तीनदा सांगून आले. ओडेसाच्या म्हाताऱ्याने सही करून पत्र पाठवलं. साहेब म्हणाले, परदेशी कागद चालत नाही. हा माणूस पाणबुड्याचंच काम करतो हे इथल्या लोकांनी लिहून द्यावं. पोलंडच्या बाईने नवं यंत्र पाठवते म्हटलं. काकाजी नाही म्हणाले. "दुसऱ्याचं नोको. मायं हाय थे दे म्हना." आणि ते पुन्हा दम धरून उतरू लागले. आता दोर धरताना काकूंचे ओठ हलतात. त्या मोजत असतात.

मी गावोगाव गेले. आर्णीच्या बाजूला एका घरी, ज्यांची मोटर काकाजींनी दोनदा काढली, तिथे चहा मिळाला, सही मिळाली नाही. "ठान्याचा कागद हाय ना, कायले लफड्यात पडाचं?" दुसऱ्या घरातून काकाजींनी काय काढलं होतं ते मला माहीत होतं. तिथल्या बाई दारात उभ्या राहून नुसत्या रडल्या. त्यांना मी सही मागितली नाही.

पण तुम्हाला मागते. तुमच्या, तुमच्या भावाच्या, तुमच्या गावच्या विहिरीत काकाजी उतरले असतील तर साधा कागद घ्या. कोणती विहीर, काय पडलं होतं, कोणी काढलं, एवढंच लिहा. पंचनाम्यात 'गावकऱ्यांच्या मदतीने' लिहून घेतात तसं लिहू नका, त्यांचं नाव लिहा. तुम्हाला ते माहीत आहे, ठाणंही माहीत आहे. सही करा आणि येत्या बाजाराच्या दिवशी कागद घेऊन ठाण्याच्या फाटकाशी या. मी तिथे उभी असेन. साहेबांच्या टेबलावर तो मी ठेवणार नाही, तुम्ही स्वतःच्या हाताने ठेवायचा.