आप्पांच्या पुस्तकाची जागा

माझी मैत्रीण स्नेहल आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करते. पुस्तक आलं की आधी वाचते, निदान मधली पानं तरी. मग विषय ठरवते. मुखपृष्ठावर तिचा भरवसा नाही.

तिचे वडील, कारभारी आप्पा, दिंडोरीचे. सगळा जन्म द्राक्षबागेत गेला. यंदा त्यांनी बागेतल्या आपल्या अनुभवांवर पुस्तक लिहून स्वखर्चानं छापलं आणि एक प्रत लेकीच्या ग्रंथालयाला दिली. शेती शिकणारी पोरं ते वाचतील, एवढीच त्यांची इच्छा.

स्नेहलनं ते वाचलं आणि चरित्रांच्या कपाटात ठेवलं.

“बापाचं पुस्तक आहे गं,” मी म्हणाले. “कृषीत ठेव ना. कोण बघतंय?”

“एखादं पोर बघेल आणि तसंच फवारेल.”

सोमवारी आप्पा आले. इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. थेट कृषीच्या कपाटाशी गेले. एकेक पुस्तक बघत खाली बसले, उठले. मग स्नेहलच्या टेबलाशी आले.

“माझं पुस्तक कुठं हाय?”

“चरित्रात, आप्पा.”

“चरित्रात? मी काय मेलो का?”

मला हसू आलं. तिला नाही.

“त्यातल्या दोन औषधांवर आता बंदी आहे. पोरं कृषीतलं पुस्तक वाचून तसंच करतात.”

“म्हंजी माझं चुकलं.”

“तेव्हा नव्हतं चुकलं.”

आप्पा खुर्चीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

स्नेहलनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. “पुस्तक एकाच कपाटात बसतं. पण ते शोधायच्या वाटा कितीही देता येतात. हे बघा, ‘द्राक्षशेतीचा इतिहास’ टाकलं तरी येतं. ‘दिंडोरी’ टाकलं तरी.”

आप्पांनी चष्मा लावला. ओळ न् ओळ वाचली.

“छाटणीचं तर बरोबर हाय ना अजून?”

“अगदी बरोबर. तो भाग फार चांगला आहे.”

“ते सगळं तुझ्या आईनं सांगितलेलं. मी नुसतं लिवलं.” त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं. “सिंधूच्या नावानं सापडंल का?”

पुस्तक स्नेहलनं दोनदा वाचलं होतं. मीही वाचलं होतं. त्यात तिच्या आईचं नाव कुठंच नव्हतं.

नोंदीत लेखकाच्या नावाखाली स्नेहलनं आईचं नाव घातलं.

“आता तिला फोन लाव,” आप्पा हळूच म्हणाले. “तूच सांग. पुस्तक छापल्यापासून ती माझ्याशी बोलंना.”