अश्विनीसाठी घेतलेला कॅमेरा

मंडळी, आज डोकं फिरलंय.

दुपारी मस्तगडच्या दुकानात अश्विनीला पहिला कॅमेरा निवडून द्यायला गेल्तो. माझ्या फोटोग्राफीच्या क्लासमधली सगळ्यात हुशार पोरगी. सोबत तिचे वडील होते.

हातात बराबर बसणारा, हलका कॅमेरा तिनं निवडला. लगेच वडिलांचा फोटो काढला. ते खूश झाले. मंग दुकानदाराला म्हणाले, "याच्यापेक्षा मोठा दाखवा, तिच्या भावाच्या हातात शोभंल असा. ही उद्या सासरी जाईल, कॅमेरा घरीच राहणार."

भावाला फोटोग्राफीची बिलकुल आवड न्हाई.

अश्विनीनं कॅमेरा काउंटरवर ठेवला. "मंग क्लासलापण त्यालाच पाठवा," म्हणाली अन् बाहेर गेली.

वडिलांनी मोठाच घेतला. वर मला म्हणतात, "सर, पोरीला जरा समजावा."

काय समजावू? तुम्हीच सांगा.